आमची दंतकथा

परवाच्या रविवारी आमच्या घरी चकलीचा पहिला घाणा निघाला आणि स्वयंपाकघरात 'कुडुम' असा आवाज झाला. दिवाळी अंकाचा मजकूर दिवाळीच्या बराच आधी द्यावा लागतो, हे सासूबाईंना आता माझ्याइतकेच ठाऊक झाले आहे. म्हणून "तुला लिहायला काही तरी हवंच असेल," असे म्हणत त्यांनी वाटीभर भाजणी भिजवली होती. पहिली चकली त्यांनी देवापुढे ठेवली आणि दुसरी नातीच्या हातावर. नातीने तिचे तुकडे केले नाहीत, ती दाढेकडे सरकवली नाही; सरळ समोरच्या दातांखाली धरली आणि तोडली. तो आवाज ऐकण्यासाठी आम्ही दोन दिवाळ्या थांबलो होतो.

सव्वादोन वर्षे आमच्या छोटीच्या दातांना तार होती. (घरात एकच मूल असले की ते तेरा वर्षांचे झाले तरी 'छोटी'च राहते.) या सदरात मी मागे कधी तरी त्या तारेचा ओझरता उल्लेख केला आणि तेव्हापासून पत्रे येत आहेत. मलकापूरच्या एक बाई विचारतात, "मुलगा सात वर्षांचा आहे, दात वाकडे येताहेत, आताच तार लावू का?" मेहकरच्या एका गृहस्थांना खर्चाचा आकडा हवा आहे. चिखलीच्या एका आजोबांनी तर, "आमच्या वेळी ही थेरं नव्हती, तरी आमची लग्नं झाली," असे एका ओळीत कळवून वाद मिटवला आहे. आता मी मराठीची प्राध्यापिका. दातांशी माझा व्यावसायिक संबंध त-थ-द-ध-न या दंत्य वर्णांपुरता. परंतु आईच्या नात्याने त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून जे पाहिले आणि जे चुकले, ते सांगायला हरकत नाही.

गोष्ट सुरू झाली ती एका लग्नात. यांच्या एक आत्याबाई आहेत. मनाने सोन्यासारख्या, पण जिभेला लगाम नाही. पंगतीत त्यांनी छोटीची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "पोरीचे दात पुढं आहेत वं. आताच काही करून घ्या, मंग जड जाईल." काय जड जाईल ते त्यांनी सांगितले नाही आणि अकरा वर्षांच्या मुलीलाही ते विचारावे लागले नाही. त्या लग्नातल्या नंतरच्या प्रत्येक छायाचित्रात तिचे ओठ मिटलेले आहेत.

मला ते लागले, याला कारण आहे. दात तिने माझ्याकडून घेतले आहेत. माझ्या दाखवण्याच्या कार्यक्रमात मावशीने मला कानात सांगितले होते, "ओठ मिटून बस, हसू नकोस." मी तशी बसले. लग्न ठरले, पण ओठ मात्र मिटलेलेच राहिले. पुढे शिकवू लागले, तेव्हा विनोदी पाठावर सारा वर्ग खदखदून हसायचा आणि त्यांच्या बाई पदराआड हसायच्या. आपल्या लेकीवर ही पाळी येऊ नये, म्हणून २०२३च्या मे महिन्यात, तिची परीक्षा आटोपताच, मी तिला घेऊन अकोल्याची एसटी धरली. खामगाव ते अकोला पन्नासेक किलोमीटर. त्याच वर्षीच्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले होते. तेवढीच घरखर्चाला सवलत.

डॉक्टर तरुण होत्या. मी छोटीचे दात, माझे दात, आत्याबाई असे सगळे सांगू लागले, तशी त्यांनी मला हाताने थांबवले आणि मुलीला विचारले, "तुला स्वतःला काय त्रास होतो?"

छोटी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला पुढच्या दातांनी चकली तोडता येत नाही."

मी चमकले. अकरा वर्षे या मुलीला मी जेवू घालते आहे. ती चकली, पेरू, कणीस सारे कडेने खाते हे रोज पाहिले होते. पण ती तिची लकब आहे असे समजून चालले होते! डॉक्टरांनी तिला दात मिटायला सांगितले आणि आरशात दाखवले. दाढा एकमेकींवर बसल्या, तरी वरचे पुढचे दात खालच्यांच्या कितीतरी पुढे राहत होते. मिळतच नव्हते, तर तोडणार कसे?

त्या दिवशी डॉक्टरांनी तीन कारणे सांगितली. तोडणे-चावणे नीट व्हावे, हे पहिले. दाटीवाटीने आलेल्या दातांच्या फटी नीट घासता येत नाहीत आणि तिथे कीड लागते, हे दुसरे. पुढे आलेले दात पडताधडपडताना लवकर तुटतात, हे तिसरे. "दिसणं हे चौथं कारण," त्या म्हणाल्या, "आणि तेही मुलीनं सांगितलं तर." पालकहो, उपचाराला जाण्यापूर्वी मुलाला हा एक प्रश्न घरीच विचारून ठेवा. मी विचारला नव्हता, आणि त्याची किंमत पुढे मोजली.

सरकारी जाहिरातींत या विद्येला 'दंतव्यंगोपचारशास्त्र' असे भारदस्त नाव आहे. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ मात्र साधा आहे : सरळ दात. त्यात 'व्यंग' कुठेच नाही. ते आपण घातले. विद्या तशी जुनी आहे. प्येर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धातूची पट्टी दातांना बांधून ते रांगेत आणण्याची युक्ती सांगितली आहे. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वरच्या आणि खालच्या पहिल्या मोठ्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, यावरून वाकडेपणाचे वर्ग पाडले. ते वर्ग आजही डॉक्टरांच्या कागदावर लिहिले जातात. आपल्या देशात या तज्ज्ञांची संस्था, इंडियन ऑर्थोडोंटिक सोसायटी, १९६५ साली निघाली. दंतवैद्यकाची पदवी घेतल्यावर आणखी तीन वर्षे याच विषयात एमडीएस करावे लागते. तेव्हा तार लावणाऱ्या डॉक्टरांची ही पदवी आहे ना, हे विचारायला संकोचू नका. साडी घेताना आपण काठ उलटून पाहतोच की!

आता मलकापूरच्या बाईंच्या पत्राचे उत्तर. सातव्या वर्षी दाखवा. तार मात्र बहुधा तेव्हा लावत नाहीत. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिल्या कायमच्या दाढा येतात, पुढचे दुधाचे दात पडून नवे येऊ लागतात, आणि जबड्याचा कल जाणकाराला दिसू शकतो. अमेरिकेतील तज्ज्ञांची संघटनाही सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासणी करावी असेच सांगते. बहुतेक मुलांना "वाट पाहू" असे सांगून परत पाठवतात. पुरी तार लावण्याचे वय साधारणपणे अकरा ते चौदा. मात्र अंगठा चोखण्याची सवय चार-पाच वर्षांनंतरही राहिली असेल, मूल सदा तोंडाने श्वास घेत असेल, किंवा जबडाच पुढे-मागे वाढत असेल, तर लवकर हालचाल करावी लागते. आणि "दुधाचे दात काय, पडणारच आहेत," असे कृपा करून म्हणू नका. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, की शेजारच्या दाढा त्या जागेत कलतात आणि मागून येणाऱ्या दाताची वाट अडवतात.

पहिल्या भेटीत तार लागत नाही, हेही ठाऊक असावे. जबड्याची सबंध क्ष-किरण प्रतिमा, चेहऱ्याची बाजूने घेतलेली दुसरी, छायाचित्रे आणि दातांचे ठसे एवढे झाल्यावर डॉक्टरांनी बेत सांगितला : चार दात काढावे लागतील. वरचे दोन, खालचे दोन, सुळ्यांच्या मागचे.

घरी येऊन हे सांगताच सासूबाई उसळल्या, "वाकडे सरळ करायला गेलात आणि सरळ होते तेच काढता?" मला तरी कुठे पटले होते? पण डॉक्टरांनी एसटीचाच दाखला दिला होता. तिघांच्या बाकावर चौघे बसले, की एकाचा गुडघा बाहेर येणारच. बाक मोठा करता येत असेल तर करतात, नाही तर एकाला उठवतात. प्रत्येक मुलाचे दात काढावे लागतातच असे नाही. आमच्या छोटीचा बाक लहान निघाला. काढलेल्या दातांच्या जागा आता शोधूनही सापडत नाहीत.

तार लावण्याचे काम मात्र मुळीच दुखत नाही. आधी काही दिवस दाढांमध्ये छोटी रबरी कडी अडकवून जागा करतात. पेरूची बी अडकून राहावी तसे वाटते. मग एके दिवशी तास-दीड तासात प्रत्येक दातावर धातूचा इवलासा चौकोन चिकटवतात, निळा प्रकाश टाकून तो पक्का करतात आणि त्या चौकोनांतून तार ओवतात. येताना एसटीत छोटी बडबडत होती. मीही खुशीत होते. दुखणे रात्री सुरू झाले.

पहिले तीन ते पाच दिवस वाईट. दात ठणकतात, हलल्यासारखे वाटतात, भाताचे शीतही चावत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाची वेदनाशामक गोळी द्यावी आणि मऊ जेवण द्यावे. पाठोपाठ तारेच्या टोकांनी गालाला, ओठाला आतून फोड येतात; ते आठवडा-दोन आठवडे. डॉक्टर एक मेण देतात, त्याची गोळी टोचणाऱ्या जागी दाबून बसवायची आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या. पुढे दर चार ते सहा आठवड्यांनी भेट, आणि प्रत्येक भेटीनंतर दोन-तीन दिवस हाच ठणका, थोडा कमी.

जेवणाचे शास्त्र आमच्या सासूबाईंनी तयार केले. वर्ज्य पदार्थांची यादी त्यांनी कपाटाच्या दाराला चिकटवली : चिक्की, रेवडी, ऊस, मक्याचे कणीस, अख्खी सुपारी (सुपारी कुणी खात होते असे नाही, पण यादी भरभक्कम हवी), कडक लाडू, चकली. पेरू चालेल, पण फोडी करून. हुरडा चालेल, पण मग अर्धा तास ब्रश घेऊन बसायची तयारी हवी. शेगावची कचोरी मोडून, आतल्या सारणासकट. याउलट वांग्याचे भरीत, मऊ खिचडी, कढी, शिरा, दहीभात आणि ज्वारीच्या कण्या मनसोक्त. "घास मोडून खा, दात घासलेस का?" असे सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या आणि तिच्या ताटातही कण्याच!

घासणे ही या उपचारातली सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत मोठी गोष्ट आहे. प्रत्येक खाण्यानंतर तारेच्या वरून, खालून आणि त्यासाठी मिळणाऱ्या बारीक ब्रशाने मधून. नाही घासले, तर तार निघते तेव्हा दात सरळ दिसतात, पण प्रत्येक चौकोनाभोवती दुधट पांढरा डाग उरतो आणि तो सहजी जात नाही. शाळेच्या डब्यासोबत ब्रशाची डबी जाऊ लागली, तेव्हा आमच्या लक्षात आले की औषध डॉक्टरांचे असले तरी उपचार मुलीच्याच हातात आहे.

मला सर्वांत अवघड गेले ते मात्र वाट पाहणे. आमचे गाव चांदीचे. खामगावच्या सराफ्यात तार ओढताना मी लहानपणापासून पाहिली आहे. कारागिराने जोर लावला की तार सरसर निघते. दातांच्या तारेचे तसे नाही. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, बारीक तंतूंनी टांगलेला असतो. तारेचा हलका दाब पडला, की ज्या बाजूला दात जायचा तिथले हाड हळूहळू विरघळते आणि मागच्या बाजूला नवे भरते. शेताच्या धुऱ्यावरचे रोप बोटभर सरकवायचे तर पुढची माती कोरावी आणि मागे भर घालावी, तसा हा प्रकार. वेग किती? महिन्याला फार तर एक मिलिमीटर, म्हणजे वर्षभरात एक सेंटिमीटरच्या आसपास. जास्त जोर लावला म्हणून दात लवकर जात नाही, उलट मुळांना इजा होते. पहिली बारीक तार तर एका गमतीदार धातूची असते. निकेल आणि टिटॅनियम यांचा हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६०च्या आगेमागे हाती आला, म्हणून त्याचे नाव नायटिनॉल. १९७०नंतरच्या दशकात तो दातांवर आला. कितीही वाकवा, तो हळूहळू आपल्या मूळ आकाराकडे परत येतो आणि येताना दाताला सोबत घेऊन येतो. रागावत नाही, ओरडत नाही. माझ्यापेक्षा पुष्कळच शहाणा!

कारण ओरडले ते मी. दीड वर्ष झाल्यावर वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत लावायची छोटी रबरे आली. ती दिवसाचे वीस ते बावीस तास, फक्त खाताना आणि घासताना काढून, मुलाने स्वतःच लावायची असतात. महिनाभराने डॉक्टर म्हणाल्या, "काहीच सरकलं नाही." दुसऱ्या महिन्यातही तेच. आणि एका संध्याकाळी पेन शोधताना मला छोटीच्या कंपासपेटीत रबरांची न फोडलेली पाकिटे सापडली.

त्याच आठवड्यात मला आणखी एक गोष्ट कळली होती. २७ फेब्रुवारी २०२५चा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला होता. आदल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळालेला, त्यामुळे शाळेत वक्तृत्व स्पर्धेचा थाट मोठा होता. माझ्या लेकीने त्या स्पर्धेतून आपले नाव काढून घेतले होते. मी दोन्ही गोष्टींचा हिशेब एकदमच मागितला. पैसे काढले, एसटीच्या खेपा काढल्या, माझ्या रजा काढल्या. शेवटी म्हणाले, "तुझ्या दातांसाठी आम्ही एवढं सगळं करतो, आणि तू—"

"माझ्या दातांसाठी की तुझ्या?" ती म्हणाली.

हे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवले. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या आणि काही न बोलता परत आत गेल्या. दोन वर्षांपूर्वी अकोल्याला डॉक्टरांनी जो प्रश्न हिला विचारला होता, तो हिने आज मला विचारला होता. उत्तर मला माहीत होते.

रात्री मी तिच्या खोलीत गेले आणि मावशीची गोष्ट सांगितली. तिने ती ऐकून घेतली. मग तिची गोष्ट कळली. रबरे लावली की तोंड पुरेसे उघडत नाही; 'चांगले'तला च आणि 'चमचा'तला च वेगळे काढता येत नाहीत; वर्गात एकदा वाचताना मुले हसली; तेव्हापासून ती रबरे शाळेच्या दारात काढते आणि घरी लावायची विसरते. दंत्य आणि तालव्य च मी वीस वर्षे फळ्यावर समजावून सांगते आहे. घरातला च अडखळत होता, हे मला ऐकू आले नव्हते.

आम्ही करार केला. रबरांची विचारपूस मी करायची नाही. लावलेल्या तासांची नोंद तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत स्वतः करायची. वाचायची पाळी असेल तेवढी पाच मिनिटे रबरे काढून ठेवायला डॉक्टरांची मुळीच हरकत नव्हती. तिने विचारले नव्हते, इतकेच. "आणि मी काय करू?" मी विचारले. ती म्हणाली, "तू वर्गात पदर लावून हसू नकोस."

स्पर्धेत तिने त्या वर्षी भाग घेतला नाही. मी मात्र करार पाळला. पुढच्याच आठवड्यात वर्गात एका विनोदी पाठावर हसले ती उघड्या तोंडाने. काय झाले असेल? काही नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाने वेळ किती झाली ते पाहिले. वीस वर्षे मी जे झाकत होते, त्याच्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती!

छोटीतही फरक पडला. एप्रिलमध्ये अकोल्याहून परतताना बाळापूरला एक आजीबाई आमच्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ छोटीकडे निरखून पाहत म्हणाल्या, "काहून वं बाई, लेकीच्या तोंडात हे तारंचं कुंपन कायले घातलं? कोनाच्या ढोरापासून राखतं का?" मी उत्तर जुळवते आहे तोवर छोटीच म्हणाली, "चकली खायाची हाये आजी, म्हून." आजीबाई मनापासून हसल्या. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता.

वाया गेलेल्या दोन महिन्यांचे दंडासह तीन महिने झाले आणि यंदा ऑगस्टमध्ये तार निघाली. काढायला अर्धा-पाऊण तास पुरतो, दुखतही नाही. घरी येईपर्यंत ती जिभेने दात चाचपत होती. "बुळबुळीत लागतात" म्हणाली.

पण वाचकहो, उपचार इथे संपत नाही, आणि हे पुष्कळ पालकांना कुणी सांगत नाही. नव्या जागी आलेल्या दातांना जुन्या जागेची ओढ असते. हिरड्यांतले तंतू त्यांना मागे खेचत राहतात. म्हणून रिटेनर, म्हणजे दात धरून ठेवणारे साधन, लावावे लागते. कुणाच्या दातांच्या मागे बारीक तार चिकटवतात, कुणाला काढता-घालता येणारे देतात. काढता-घालता येणारे आधी काही महिने जवळजवळ दिवसभर आणि मग रात्रीचे, वर्षानुवर्षे. पहिले काही दिवस 'सासूबाई'चे 'शाशूबाई' होते, मग जीभ रुळते. ते गरम पाण्यात धुऊ नये, वाकडे होते. जेवताना कागदात गुंडाळून ताटाशेजारी तर मुळीच ठेवू नये. तो कागद केराच्या टोपलीत जातो आणि नवे करायला पैसे पडतात. डबी एके डबी.

आता मेहकरच्या गृहस्थांसाठी खर्च. साध्या धातूच्या तारेला आमचे सगळे मिळून चाळीस हजार रुपये गेले, तेही हप्त्याहप्त्याने. दाताच्या रंगाचे चौकोन महाग, आणि काढता-घालता येणारे पारदर्शक साचे त्याहून महाग. शिवाय साचे सगळ्याच वाकडेपणाला चालत नाहीत आणि विसराळू मुलाला तर नाहीतच. पहिल्याच दिवशी लिहून घ्या : दात काढणे, सुटलेला चौकोन पुन्हा चिकटवणे आणि रिटेनर या रकमेत आहेत की वेगळे? ज्यांना हे परवडत नाही, त्यांनी १९६८पासून चालत आलेल्या नागपूरच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली हेच काम कमी पैशांत करतात. मात्र खेपा लांबच्या पडतात. पैसे वाचवायला घरी दातांना रबर अडकवण्याचा उद्योग कुणी करू नये. ते रबर नकळत हिरडीत सरकते आणि धडधाकट दात गमवावा लागतो.

आणि चिखलीच्या आजोबांना एवढेच : लग्ने आमच्या वेळीही झाली; माझेच झाले. पण दात लग्नासाठी नसतात, तोडण्या-चावण्यासाठी असतात, ही गोष्ट एका अकरा वर्षांच्या मुलीला माझ्याआधी समजली होती.

परवा पहिला घाणा संपत आला, तेव्हा छोटीने रिटेनरची डबी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे टक लावून पाहत म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणत होत्या मोठ्या माणसांनाही तार लावता येते. तू लावून घेतेस?"

मी विचार केला. खरेच केला.

"माझी चकली तुटते गं," मी म्हटले आणि दुसऱ्या घाण्यातली एक उचलली.